गिटार ॲम्पच्या ट्यूबा: जुना साठा की नवं उत्पादन? सॉकेटनुसार बोलूया

नऊपिनी (धागाकर्ता):

ॲम्पसाठी ट्यूबा (काचेचे व्हॉल्व्ह) घ्यायच्या तर जुन्या साठ्यातल्या की आज बनणाऱ्या, हा प्रश्न इथे वारंवार येतो. दर वेळी 'जुनं ते सोनं' आणि 'सगळे कानाचे भास' अशा दोन टोकांना जाऊन चर्चा थांबते. दोन्ही बाजू अख्ख्या ॲम्पबद्दल एकदम बोलतात, तिथेच गाडी अडते. ॲम्पात प्रत्येक सॉकेटचं काम निराळं आहे. पहिल्या सॉकेटातली १२एएक्स७ गिटारकडून येणारा अगदी छोटा सिग्नल हाताळते. शेवटची ६एल६ चारशे-साडेचारशे व्होल्टवर तापत असते. एकीकडून शांतपणा हवा, दुसरीकडून सहनशक्ती. दोघींना एकच उत्तर लागू पडणार नाही. नवख्यांसाठी: ट्यूबेत हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोडमधून निघालेला करंट प्लेटकडे जातो आणि मधल्या ग्रिड त्याला आवरतात; पॉवर ट्यूबेतली स्क्रीन ही त्यातलीच एक.

थोडी पार्श्वभूमी. ६एल६ १९३६ची, १२एएक्स७ १९४७ची, ईएल३४ १९४९ची. रेडिओ, टीव्ही आणि लष्करी उपकरणांसाठी त्या काळी ट्यूबा प्रचंड संख्येने बनत आणि गिटारवाल्यांना त्यातल्याच मिळत. ट्रान्झिस्टरने ते गिऱ्हाईक नेलं आणि ब्रिटन-अमेरिकेतले मोठे कारखाने एकेक करून बंद पडले. आज आपल्या कामाचा नवा माल मुख्यतः रशियातल्या सराटोव्हहून, स्लोव्हाकियातल्या चाड्त्सा गावच्या जेजे कारखान्यातून आणि चीनमधून येतो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक, आजची टंग-सोल, आजची म्युलार्ड, आजची गोल्ड लायन ही सगळी नावं सराटोव्हच्या एकाच कारखान्यावर उभी आहेत. मार्च २०२२मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा इतके ब्रँड एकदम दिसेनासे झाले ते त्यामुळेच. नव्या खोक्यावर 'म्युलार्ड' लिहिलेलं असलं तरी ती ब्लॅकबर्नची, म्हणजे मूळ म्युलार्डच्या ब्रिटनमधल्या कारखान्यातली, ट्यूब नव्हे, हे नव्याने येणाऱ्यांनी आधी पक्कं करावं.

माझं मत आधीच सांगतो: जुन्या ट्यूबेवर पैसे घालायचे तर ते पहिल्या सॉकेटात. पॉवर ट्यूबा (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या) नव्या घ्या आणि बायस, म्हणजे विश्रांतीत ट्यूबेने किती करंट ओढायचा ते, नीट लावा. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं.

तारषड्ज:

धागा छान. पहिल्या सॉकेटबद्दल लिहितो.

तिथल्या ट्यूबेचा प्रत्येक दोष पुढच्या सगळ्या टप्प्यांतून मोठा होत जातो. पारखायची पद्धत अशी. ॲम्प पंधरा मिनिटं तापू द्या. गिटारची केबल काढा, व्हॉल्यूम आणि ट्रेबल अर्ध्यावर ठेवा. शील्डचं टोपण काढून पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने काचेवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून बोथट 'टक' आलं तर ठीक. 'टण्णऽऽ' करून आवाज रेंगाळला तर ती मायक्रोफोनिक, म्हणजे हादऱ्यांचा आवाज करणारी, आहे, पहिल्या जागी नको. फेकूही नका, फेज इन्व्हर्टरमध्ये (पॉवर ट्यूबांना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या टप्प्यात) ती वर्षानुवर्षं चालेल.

हम ऐकताना सूर ओळखा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. फिल्टर कपॅसिटर थकले की १०० हर्ट्झची भणभण येते, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी, जवळजवळ तोच सूर. हीटर आणि कॅथोडमधली गळती ५० हर्ट्झची, बरोबर एक सप्तक खाली आणि मऊ. खालचा सूर आला तर ट्यूब बदलून पाहा, वरचा आला तर ट्यूबेच्या नादी लागू नका. कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज येत असेल आणि ट्यूब बदलूनही तो जात नसेल, तर त्या टप्प्याचा १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर बदला. जुन्या ॲम्पांतले कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर हमखास असे तडतडतात.

आता तुलना. साठच्या दशकातल्या म्युलार्ड, आरसीए किंवा टेलिफुंकनची चांगली १२एएक्स७ खरोखर शांत असते आणि आवाज फाटायच्या सीमेवर तिचा पोत जास्त गुळगुळीत वाटतो. 'चांगली' हा शब्द मात्र महत्त्वाचा. बाजारातल्या कितीतरी जुन्या ट्यूबा आवाज करतात म्हणूनच कधीतरी यंत्रातून काढलेल्या असतात. नव्यांत जेजेची ईसीसी८३एस (ईसीसी८३ हे १२एएक्स७चंच युरोपी नाव) आखूड प्लेटची, मायक्रोफोनीला फारशी न बधणारी, वरच्या पट्टीत थोडी झाकलेली. नवी टंग-सोल उजळ. सोव्हटेकच्या एलपीएसची प्लेट लांब आहे. हेडमध्ये (स्पीकर वेगळा असतो तिथे) ती सुंदर वाजते, पण कॉम्बोत (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) स्पीकरच्या डोक्यावर उलटी टांगली की घुमायला लागते. जुन्यातही तोच नियम: ब्लॅकबर्नच्या पन्नाशीतल्या लांब प्लेटच्या ईसीसी८३ला दाम जास्त, पण कॉम्बोसाठी ती चुकीची निवड.

सोल्डर_सांगलीकर:

तारषड्ज यांना +१. पॉवर ट्यूबांबद्दल 'जुनी टाकली आणि ॲम्प जिवंत झाला' असं म्हणणाऱ्या दहापैकी नऊ तुलना बायस न मोजता झालेल्या असतात, आणि मग तिथे ऐकू येतो तो बायसमधला फरक.

फिक्स्ड बायसच्या पुशपुल (पॉवर ट्यूबा जोडीने आळीपाळीने काम करतात अशा) ॲम्पात विश्रांतीच्या वेळी प्लेटचा ताप कमाल मर्यादेच्या ६० ते ७० टक्के ठेवायचा. प्लेट ४४० व्होल्टवर आहे असं धरा. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट. ७० टक्के म्हणजे २१ वॅट, भागिले ४४०, म्हणजे ४८ मिलिअँपिअर. ६० टक्क्यांना ४१. ईएल३४ची मर्यादा २५ वॅट; तिला ४० आणि ३४. ५८८१ (६एल६च्याच घराण्यातली) हिची २३ वॅट. ७० टक्क्यांना ३७. आता कोणी ४८वर लावलेली ६एल६जीसी काढून त्याच बायसवर ५८८१ खोचली आणि तिनेही तेवढाच करंट ओढला, तर ती २१ वॅटवर, म्हणजे मर्यादेच्या ९२ टक्क्यांवर बसली. आवाज काही दिवस जाड आणि गोड येईल, मग प्लेट लाल होईल आणि दोष ५८८१च्या माथी जाईल.

मोजायची सोपी सोय म्हणजे कॅथोड आणि जमीन यांच्यामध्ये १ ओहम, १ टक्का अचूकतेचा रेझिस्टर. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. त्यात स्क्रीनचा करंटही येतो: ६एल६मध्ये अंदाजे दोन-तीन, ईएल३४मध्ये चार-पाच मिलिअँपिअर. तेवढे वजा करा.

आत हात घालण्याआधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर १ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. चालू ॲम्पात मोजताना एक हात पाठीमागे. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

निर्वाता:

सांगलीकर, हिशेब बरोबर. पण ईएल८४च्या बऱ्याच ॲम्पांत कॅथोड बायस असतो, म्हणजे कॅथोडखालचा रेझिस्टरच तो ठरवतो, फिरवायला पॉटच नसतो, म्हणून लोक मोजायचंच सोडून देतात. तिथेही मोजता येतं.

दोन ईएल८४, १३० ओहमचा सामायिक कॅथोड रेझिस्टर, प्लेट जमिनीपासून ३१० व्होल्ट. रेझिस्टरवर ११ व्होल्ट मिळाले तर एकूण करंट ८५ मिलिअँपिअर. त्यातला नववा भाग स्क्रीनचा, म्हणजे उरले साधारण ७६; प्रत्येकीला ३८. प्लेट ते कॅथोड २९९ व्होल्ट. गुणाकार ११.४ वॅट आणि ईएल८४ची मर्यादा १२. कॅथोड बायसमध्ये इतकं चालतं. व्हॉक्सच्या एसी३० ॲम्पात मात्र ईएल८४ नुसत्या बसल्या जागीही मर्यादेच्या टोकाला किंवा पलीकडे असतात आणि शेजारी शेजारी कोंबलेल्या असल्याने एकमेकींना तापवतात. अशा ठिकाणी जुन्या म्युलार्डचा चौकडा जाळणं मला पटत नाही. रशियन ६पी१४पी-ईव्ही, म्हणजे सोव्हटेक नावाने ईएल८४एम, त्याच पिनांची आणि जास्त टणक आहे. तिचा वरचा भाग जरा कोरडा वाटतो, पण ती टिकते.

नऊपिनी, 'पॉवर ट्यूबा नव्याच' हे सरसकट मान्य नाही. फेंडर डिलक्स रिव्हर्बच्या एबी७६३ आराखड्यावर ६व्ही६च्या प्लेटला ४१५ व्होल्ट छापलेले आहेत. ६व्ही६जीटीच्या जुन्या माहितीपत्रकातली कमाल मर्यादा ३१५ व्होल्ट. त्या काळच्या आरसीए, सिल्व्हेनिया, जीई हे शंभर व्होल्ट मुकाट्याने सोसत, त्या भरवशावरच आराखडा तसा राहिला. नव्या ६व्ही६ सगळ्या तसं सोसत नाहीत. काही चालू करताच आत ठिणगी टाकतात. जेजेची ६व्ही६एस सोसते, पण ती बांध्याने आणि आवाजाने ६व्ही६पेक्षा ६एल६कडे झुकलेली आहे. म्हणून या एका ॲम्पासाठी जुन्या अमेरिकन ६व्ही६ची जोडी हा मला योग्य खर्च वाटतो.

नऊपिनी:

मान्य. ६व्ही६चा अपवाद धरला. त्याच ॲम्पात रिव्हर्ब चालवणाऱ्या १२एटी७चंही तसंच आहे. माहितीपत्रकात प्लेटला ३०० व्होल्ट, प्रत्यक्षात चारशेच्या वर. तिथे आवाजाचा फरक नगण्य, आयुष्याचा मोठा. जुनी जीई किंवा सिल्व्हेनियाची १२एटी७ अजून १२एएक्स७च्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते, ती तिथे घाला.

सहा_तारा:

सगळेच प्रतिसाद माहितीपूर्ण, वाखुसा (वाचनखूण साठवली). दोन प्रश्न. एक, फेंडर पद्धतीच्या ॲम्पात ६एल६च्या जागी जुन्या ईएल३४ची जोडी चालेल का? सॉकेट तर एकच आहे. दोन, विकणारा 'एनओएस, टेस्टेड १०० टक्के' म्हणतो, त्यावर कितपत विसंबावं?

सोल्डर_सांगलीकर:

पहिल्याचं उत्तर: सॉकेट एक, जोडणी एक नाही. ईएल३४च्या पिन १ला सप्रेसर ग्रिड असते आणि ती पिन ८ला, म्हणजे कॅथोडला जोडलेली लागते. ६एल६मध्ये पिन १ रिकामी म्हणून फेंडरने ती रेझिस्टर बांधायची खुंटी म्हणून वापरली: पिन १वरून १.५ किलोओहमचा ग्रिड स्टॉपर पिन ५ला जातो. तशीच ईएल३४ खोचली तर सप्रेसरवर बायसचा उणे व्होल्टेज आणि सिग्नल दोन्ही जातात. पिन १ मोकळी करा, स्टॉपर थेट पिन ५वर बसवा, १ आणि ८ जोडा.

मग हीटर. ६एल६जीसी ०.९ अँपिअर घेते, ईएल३४ १.५. जोडीमागे १.२ अँपिअर जादा, ट्रान्सफॉर्मरची ६.३ व्होल्टची गुंडाळी तेवढं देते का ते बघा. नंतर बायसची रेंज, कारण ईएल३४ला उणे व्होल्टेज सहसा कमी लागतं. आणि स्क्रीन: फेंडरच्या ४७० ओहमऐवजी प्रत्येकीला १ किलोओहम, ५ वॅट. आजच्या ईएल३४ मरतात त्या बहुधा स्क्रीन जळून. जुन्या एक्सएफ२ कोडच्या म्युलार्ड ईएल३४ स्क्रीनवर पुष्कळ सोसत. काही जुन्या सर्किटांत स्क्रीनला रेझिस्टर नसूनही त्या टिकल्या ते त्यामुळेच. तशा सर्किटात नव्या घालणार असाल तर रेझिस्टर आधी, ट्यूबा नंतर.

रेडिओ_अप्पा:

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

'एनओएस' म्हणजे न वापरलेला जुना साठा. पण यंत्रातून काढलेली, टेस्टरवर हिरव्या पट्टीत आलेली ट्यूबही त्याच नावाने विकली जाते. साधा एमिशन टेस्टर कॅथोडमधून करंट निघतो एवढंच सांगतो. आवाज, मायक्रोफोनी, ४०० व्होल्टवरची वागणूक यातलं काही त्याला कळत नाही. '१०० टक्के' या आकड्याला टेस्टरचं नाव आणि मोजणीचा व्होल्टेज सांगितल्याशिवाय अर्थ नाही. ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडच्या एका व्होल्टमागे प्लेटचा करंट किती बदलतो) मिलिअँपिअर प्रति व्होल्टमध्ये विचारा. ईसीसी८३च्या दोन्ही अर्धकांची २५० व्होल्टला १.६ ही पुस्तकी किंमत, १.३च्या खाली असेल तर ती वापरलेली समजा.

छाप पुसून पुन्हा मारता येतो, म्हणून छापापेक्षा काच आणि आतला सांगाडा बघा. ब्लॅकबर्नच्या म्युलार्डवर तळाशी करड्या रंगात दोन ओळींचा कोरलेला कोड असतो. पहिली ओळ आय६१ किंवा आय६३ अशी, ईसीसी८३ची आवृत्ती. दुसरी ओळ बी५के१ अशी: बी म्हणजे ब्लॅकबर्न, ५ हा वर्षाचा शेवटचा अंक, के म्हणजे अकरावा महिना नोव्हेंबर, १ म्हणजे पहिला आठवडा. दशक लिहिलेलं नसतं, १९६५ की १९७५ हे पहिल्या ओळीवरून आणि सांगाड्यावरून ठरवायचं. पहिलं अक्षर बी नसून छोटा त्रिकोण असेल तर ट्यूब हॉलंडमधल्या हेर्लेनची. वर म्युलार्ड छापलेलं असलं तरी. ते खोटं नव्हे, फिलिप्सच्या कारखान्यांची आपसात देवाणघेवाण होती. टेलिफुंकनच्या खऱ्या ईसीसी८३च्या बुडाला, पिनांच्या मधोमध काचेतच हिऱ्याच्या आकाराची खूण उठवलेली असते. अमेरिकन ट्यूबांवर आकडे बघा: २७४ आरसीए, १८८ जीई, ३१२ सिल्व्हेनिया, २८० रेथिऑन. कोणाच्या नावाने विकली ते छापावर, कोणी बनवली ते या आकड्यात.

कोड पुसट असेल तर कापडाने घासू नका, स्पिरिट तर मुळीच नको, उरलासुरला छापही जाईल. चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी तोंडाची वाफ सोडा. जिथे शाई होती तिथे वाफ वेगळी धरते आणि दोन-तीन सेकंद अक्षरं दिसतात. दिवा बाजूने धरा.

माथ्यावरचा गेटर (काचेच्या आतला चंदेरी थर) पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, ती ट्यूब संपली. कडा तपकिरी आणि पातळ होत आल्या असतील तर भरपूर चाललेली. चालू असताना काचेच्या आतल्या अंगावर निळी झाक दिसली तर घाबरू नका. पण आतल्या इलेक्ट्रोडांच्या मध्ये जांभळट धुकं दिसलं तर गॅस आहे, लगेच बंद करा. चालू करताच तळाशी क्षणभर लख्ख उजेड पडणं हा जुन्या म्युलार्डचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

आपल्याकडच्या जुन्या बाजारांत, मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, रेडिओच्या सुट्या भागांत व्हॉल्व्ह मिळतात. तिथे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईसीसी८३ आणि ईएल८४ दिसले तर सोडू नका. ते फिलिप्सच्या तंत्रावर बनलेले आहेत आणि म्युलार्डच्या नावाचा भाव त्यांना लागत नाही. फक्त ईसीएल८६ घेऊन ईसीसी८३ समजू नका. नऊ पिना दोघांनाही असतात. रशियन ६एन२पीबद्दलही सावध राहा. गुण १२एएक्स७सारखे, पण हीटर फक्त ४ आणि ५ या पिनांमध्ये. आपल्या ॲम्पात त्या दोन पिना एकत्र बांधलेल्या असतात, त्यामुळे ती पेटतच नाही आणि लोक चांगली ट्यूब मेली म्हणून टाकतात.

निर्वाता:

अप्पा, वाफेची युक्ती उत्तम. जीईच्या फिक्या पडलेल्या छापावरही चालते.

तारषड्ज:

मार्शल ॲम्पवाल्यांसाठी एक महत्त्वाची जागा राहिली. टोनस्टॅकच्या (ट्रेबल-बास नॉबांच्या भागाच्या) आधी जो थेट जोडलेला कॅथोड फॉलोअर असतो, तो ट्यूबेसाठी सगळ्यात निर्दय. चालू करताना कॅथोड थंड, म्हणून करंट शून्य. आधीच्या टप्प्याच्या प्लेटवर पूर्ण तीनशे व्होल्ट, आणि तेच थेट या ग्रिडवर. कॅथोड मात्र जमिनीवर. ग्रिड आणि कॅथोडमधल्या केसाएवढ्या अंतरात ठिणगी पडू शकते. शिवाय चालू झाल्यावर कॅथोड दीडशे-दोनशे व्होल्टवर चढतो आणि हीटर जमिनीजवळच असतो. ईसीसी८३ची हीटर-कॅथोड मर्यादा १८० व्होल्ट आहे. जुन्या म्युलार्ड-ब्रायमार हे निमूट सोसत. नव्यांपैकी काही, विशेषतः गुंडाळीदार हीटरच्या, इथे महिन्याभरात तडतडायला लागतात. 'नवी ट्यूब खराब निघाली' या तक्रारी पुष्कळदा या एकाच सॉकेटातून येतात.

उपाय स्वस्त आहे: १एन४१४८ डायोड, त्याचा ॲनोड ट्यूबेच्या ग्रिडला, त्याचा कॅथोड ट्यूबेच्या कॅथोडला. चालू होताना तो ग्रिडला धरून ठेवतो. नेहमीच्या वाजवण्यात ग्रिड कॅथोडपेक्षा खालीच असल्याने तो गप्प असतो. जोरात वाजवताना ग्रिड वर जाऊ पाहते तेव्हा तो वाहू लागतो आणि आवाज दबण्याची जागा किंचित सरकते. कोणाला ते नको असेल तर डायोडऐवजी छोटा निऑन दिवा लावा, तो फक्त सुरुवातीलाच काम करतो.

फेज इन्व्हर्टरमध्ये 'बॅलन्स्ड' ट्यूबेसाठी जादा पैसे देऊ नका. तिथे ८२ आणि १०० किलोओहमचे वेगवेगळे प्लेट रेझिस्टर मुळात असमतोल भरून काढायलाच घातलेले असतात.

मंद्रसप्तक:

रेक्टिफायरबद्दल (एसीचं डीसी करणाऱ्या ट्यूबेबद्दल) कोणीच बोललं नाही आणि माझ्या मते जुन्या-नव्यातला सगळ्यात ठळक फरक तिथेच आहे. ब्लॅकबर्नची जुनी जीझेड३४ आणि आजच्या जीझेड३४ यांच्यात आयुष्याची तुलनाच होत नाही. नवी स्टँडबाय दाबताच आत चमकते आणि फ्यूज घेऊन जाते, हे नेहमीचं दृश्य. माहितीपत्रकाप्रमाणे तिच्यापुढचा पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा नको. दुरुस्तीवाले 'मोठा तेवढा चांगला' म्हणून १०० लावतात आणि ट्यूबा एकामागून एक जातात. ५वाय३साठी तर २०च्या आसपासच थांबावं.

५वाय३चा आणखी एक घोळ: सोव्हटेकची ५वाय३जीटी जुन्या अमेरिकन ५वाय३पेक्षा कमी व्होल्ट खाते. म्हणजे ट्वीड (फेंडरच्या पन्नाशीतल्या) पद्धतीच्या छोट्या ॲम्पात ती घातली की सगळे व्होल्टेज वर जातात आणि ॲम्प कडक वाजतो. दोष ६व्ही६ला मिळतो. रेक्टिफायर बदलला की पॉवर ट्यूबांचा बायस पुन्हा मोजलाच पाहिजे.

नवीच वापरायची असेल तर सॉकेटवर प्रत्येक प्लेटच्या वाटेत एक-एक १एन४००७ मालिकेत टाका, डायोडचा कॅथोड ट्यूबेच्या प्लेटकडे. ट्यूब आतून शॉर्ट झाली तरी पॉवर ट्रान्सफॉर्मर वाचतो. आवाजाला काही होत नाही.

सोल्डर_सांगलीकर:

मंद्रसप्तक, डायोडबद्दल शंभर टक्के सहमत. जुन्या ॲम्पाचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेण्यापेक्षा दोन डायोड बरे.

जुन्या पॉवर ट्यूबा विकत घेणाऱ्यांसाठी एक चाचणी देतो, जी टेस्टरपेक्षा खरं बोलते. २२० किलोओहमच्या ग्रिड लीक रेझिस्टरच्या दोन टोकांवर मीटर लावा, गिटार न वाजवता. निरोगी ट्यूब असेल तर जवळजवळ शून्य. ०.२२ व्होल्ट दिसले तर ग्रिडमधून १ मायक्रोअँपिअर वाहतोय. अर्धा तास तसंच ठेवून बघा. आकडा स्थिर राहिला तर चालेल, ०.२ वरून ०.५, मग ०.९ असा चढत गेला तर आत गॅस आहे किंवा ग्रिड तापून स्वतःच उत्सर्जन करतेय. पुढची पायरी प्लेट लाल होणं. पण ट्यूबेला दोष देण्याआधी ती काढून परत मोजा. रिकाम्या सॉकेटलाही व्होल्ट दिसले तर कपलिंग कपॅसिटर गळतोय, आणि त्याने कितीही महाग जोडी मारली असती.

६५५० घालणाऱ्यांनी ग्रिड लीक १५० किलोओहमवर आणावा. ६५५० असलेल्या अमेरिकेसाठीच्या मार्शलमध्ये तेच केलेलं होतं.

कित्येक वर्षं खोक्यात पडून असलेल्या ट्यूबेला पहिल्या दिवशी स्टँडबायवर नुसत्या हीटरने अर्धा तास तापवा, मग प्लेटचा व्होल्टेज द्या. रात्रभर स्टँडबायवर ठेवू नका, करंटशिवाय तापलेला कॅथोड बिघडतो.

नऊपिनी:

आता ऐकण्याची तुलना कशी करावी ते लिहितो, कारण चुका तिथेच होतात. गिटारचा एक तीस सेकंदांचा तुकडा लूपरमध्ये थेट साठवा, म्हणजे हाताचा जोर बदलणार नाही. माइक एका जागी, नॉब चिकटपट्टीने बंद. एका वेळी एकच ट्यूब बदला. प्रत्येक वेळी किमान वीस मिनिटं तापवा. पॉवर ट्यूबा असतील तर दर वेळी तेच टक्के बायस लावा, तेच मिलिअँपिअर नव्हे. रेकॉर्डिंगची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. जास्त जोराचं ते आपल्याला नेहमी चांगलं वाटतं. फाइलींना नावं दुसऱ्याने द्यावीत आणि ऐकणाऱ्याने निवड लिहून ठेवावी.

अशा तुलनेत स्वच्छ आवाजात चांगल्या नव्या आणि चांगल्या जुन्या १२एएक्स७मध्ये फरक फार बारीक उरतो. सुर हळू विरताना आणि आवाज नुकता फाटू लागतो तिथे तो जास्त कळतो. जोरदार गेनमध्ये जवळजवळ नाहीच. गेन कमी करायचा असेल तर जुन्या १२एएक्स७च्या मागे न लागता ५७५१ घाला. प्रवर्धन १००ऐवजी ७०, आणि जुन्या जीई ५७५१ शांत असतात. ट्वीड डिलक्सच्या पहिल्या सॉकेटात तर मुळात १२एवाय७च होती, प्रवर्धन ४४. तिथे १२एएक्स७ घालून 'आवाज चिखल झाला' म्हणणं बरोबर नाही.

सहा_तारा:

सगळ्यांचे आभार. ईएल३४चा बेत सोडला. आज मोजलं: हीटर संध्याकाळी ६.८ व्होल्ट, रात्री अकराला ७.०. मेन्सचा टॅप (पॉवर ट्रान्सफॉर्मरची व्होल्टेज-निवडीची जोडणी) २२०वर आहे. हे ठीक आहे का? ॲम्प किनारपट्टीवर असतो, हवा दमट. जुन्या ६एल६ घेण्याआधी आणखी काय तपासू?

निर्वाता:

ठीक नाही. ६.३वर १० टक्के वर म्हणजे ६.९३, तुम्ही रात्री त्याच्या पलीकडे आहात. मेन्स त्या वेळी २४५च्या घरात असणार. हीटरइतकेच प्लेटचे व्होल्टही चढलेत: २२०ला जिथे ४४० मिळायला हवेत तिथे सुमारे ४९० असतील. या स्थितीत जुन्या ट्यूबा घालू नका.

ट्रान्सफॉर्मरला २४०चा टॅप असेल तर त्यावर जा. नसेल तर १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा वेगळा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याची सेकंडरी उलट्या फेजने मेन्सच्या मालिकेत टाका. २४५चे साधारण २३२ होतील, हीटर ६.६च्या आसपास येईल. अर्थिंग केलेल्या बंद धातूच्या डब्यात बसवा, स्वतःचा फ्यूज द्या. फेज सुलट लागली तर व्होल्ट कमी व्हायच्या ऐवजी वाढतात, म्हणून ॲम्प जोडण्याआधी आउटपुट मोजा. घरच्या वायरिंगचं काम येत नसेल तर हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

दमट हवेसाठी: सॉकेटमध्ये पिन २ आणि ३ यांच्यामध्ये टॉर्च मारून बघा. ३वर प्लेटचे पूर्ण व्होल्ट, शेजारी २वर हीटर. दोघींमध्ये तपकिरी-काळी केसासारखी रेघ दिसली तर ठिणगीने बेकेलाइट जळून कोळसा झालाय. ती रेघ पुसून जात नाही आणि पुन्हा ठिणगी तिथूनच जाणार. सॉकेट बदलून सिरॅमिक घाला. रेघ नसेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ट्यूब चार-पाच वेळा आत-बाहेर करा, सुकू द्या. सैल पकड दाभणाने हलकेच आवळा, कपॅसिटर रिकामे केल्यावरच.

सहा_तारा:

टॅप २४०चा आहे, बदलला. हीटर आता ६.४. ६एल६चा करंट मात्र ४६वरून ३७वर आला. प्लेट ४४८.

सोल्डर_सांगलीकर:

तसंच व्हायला हवं, प्लेटचे आणि स्क्रीनचे दोन्ही व्होल्ट उतरले. स्क्रीनचे तीन वजा केले तर ३४ गुणिले ४४८, म्हणजे सव्वापंधरा वॅट, ५१ टक्के. आता बायस पॉट फिरवून मीटरवर ४५पर्यंत आणा, वीस मिनिटांनी पुन्हा बघा, मग दुसऱ्या सॉकेटचा आकडा लिहा. दोघींत तीन मिलिअँपिअरपेक्षा जास्त फरक असेल तर ट्यूबांची अदलाबदल करा. फरक ट्यूबेबरोबर सरकला तर जोडी बेमेळ. जागेवरच राहिला तर त्या सॉकेटचा ग्रिड लीक किंवा स्क्रीन रेझिस्टर मोजा.